घरातील एकूण माणसे

१

मला वाटलं होतं, वाचनालयात पाऊल टाकताच धुळीने शिंका सुरू होतील. वाळवीने पोखरलेली कपाटं असतील, भिजून फुगलेल्या नोंदवह्या असतील आणि कोपऱ्यात पेंगणारा कुणीतरी मान न उचलता "नंतर या" म्हणेल. जुनी कागदपत्रं कशी जपायची ते मी सहा वर्षं दूरदेशी शिकले, तेव्हा मनात हेच चित्र रंगवत होते. त्या चित्रात मी बाह्या सरसावून आत शिरायची आणि दोन वर्षांत सगळ्याचं सोनं करायची.

प्रत्यक्षात फरशी इतकी लख्ख होती की मी पायपुसण्यावर तीनदा पाय पुसले. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "या हो, हे काही ऑपरेशन थिएटर नाही." खिडक्यांच्या काचा पुसलेल्या, पंखे न कुरकुरणारे, प्रत्येक कागद आपल्या जागी. उणीव होती ती फक्त वाचकांची. वाचनकक्षात चार निवृत्त गृहस्थ वर्तमानपत्राआड झोपत, आणि त्यांतला एक घोरू लागला की बाकीचे तिघे त्याला "जरा हळू वाचा" म्हणत.

माझा जीव अडकला तो मागच्या खोलीत. इथले सभासद अर्ज माणसांच्या नावाने लावलेले नव्हते, घरांच्या पत्त्याने लावलेले होते. पहिल्या ग्रंथपालांचा तो नियम. माणसं येतात-जातात, दार तिथेच राहतं, असं ते म्हणत. प्रत्येक घराचा एक गठ्ठा, पांढऱ्या नाडीने बांधलेला, आणि त्यात बावन्न वर्षांचे अर्ज एकाखाली एक. एका पत्त्याला एकच अर्ज, तो दर वर्षी घरातल्या कुणीतरी नव्याने भरायचा. वर माणसांची नावं, तळाला एक चौकट: 'घरातील एकूण माणसे'. जितकी माणसं तितकी तिकिटं, एका तिकिटावर एक पुस्तक.

अख्ख्या वस्तीचा इतिहास तिथे नीट बांधून ठेवलेला होता आणि वाचायला म्हणून कुणी नाडीही सोडली नव्हती. नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा मी बाईंपुढे योजना ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कार्यक्रम, नाव 'आपलं घर, आधी कुणाचं?' लोकांनी पत्ता घेऊन यायचं, आपण गठ्ठा सोडायचा, आपल्या आधी त्या भिंतींत कोण राहून गेलं ते त्यांना दाखवायचं. आपल्या आधी इथे कुणी होतं हे कळलं की माणूस शेजाऱ्याशीही वेगळं बोलतो, असं मी बरंच काही बोलले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सही केली. म्हणाल्या, "चहा ठेवा म्हणजे लोक येतील."

२

मी परतल्यावर घेतलेल्या, पहिल्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत मी आणि आई राहतो. आई निवृत्त नर्स. मी बाहेर असताना बाबा गेले. आईने सगळं उरकल्यावर चौथ्या दिवशी फोन केला. "तुझी परीक्षा होती ना," एवढंच म्हणाली. परत आले ते वाचनालयासाठी असं सगळ्यांना सांगत असले, तरी मनात शपथ एकच होती, आईला आता एकटं सोडायचं नाही.

आईला माझ्या शिक्षणाचं कौतुक होतं आणि त्याची थट्टाही तीच करायची. मला पंडितीण म्हणायची. "आमच्या पंडितीणबाईंना जुना कागद दिला की जेवण नको."

पुढच्या खोलीत मी झोपायची, मधल्या खोलीत आई. आतली खोली रिकामी होती. एक खिडकी, एक लाकडी बाक, बाकी काही नाही. आई ती रोज झाडायची, आणि आत जाण्याआधी दारावर दोनदा टकटक करायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, वॉर्डातली सवय, दुसरं काय. मला ते पटलं. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की माझ्या खोलीत ती न ठोकता येते, न्हाणीघराच्या दारावरही नुसती हाक मारते. टकटक फक्त तिथे.

चहाही ती तीन कप करायची. तिसरा कप ओट्यावर ठेवलेला दिसे आणि थोड्या वेळाने मोरीत उपडा. ती स्वतःच दोनदा घेत असेल म्हणून मी सोडून दिलं. साखर जपून घे, असंही एकदोनदा बजावलं.

३

कार्यक्रमासाठी नमुना म्हणून मी आमच्याच घराचा गठ्ठा सोडला. दुसऱ्याच्या घरात नाक खुपसण्याआधी आपलं उघडं करावं, हा सभ्यपणा.

आमच्या आधी तिथे चार कुटुंबं राहून गेली होती. पहिल्या अर्जावर पाच नावं: नवरा, बायको, दोन मुलं, नवऱ्याची आई. तळाच्या चौकटीत आकडा सहा. कारकुनाची चूक, मी मनात म्हटलं. पण अर्ज लिहिणारा आकडाही स्वतःच लिहायचा, आणि अक्षर तेच होतं. दुसऱ्या कुटुंबाच्या पहिल्या अर्जावर नावं चार, आकडा पाच. तिसऱ्याच्या अर्जावर नावं तीन, आकडा चार. चौथ्याचंही तसंच. कुटुंबांची एकमेकांशी ओळख नाही, मध्ये वर्षावर्षांचं अंतर, तरी प्रत्येकाने एक माणूस जास्त मोजलेला.

मी गठ्ठा बाईंकडे नेला. त्या चष्म्यावरून बघत हसल्या.

"अहो, लोक डोकी वाढवून लिहितात. एक डोकं जास्त म्हणजे एक पुस्तक जास्त. वाचणारी माणसं फार लबाड असतात."

मीही मनापासून हसले. कार्यक्रमात सांगायला छान किस्सा झाला. मग जागेवर येऊन गठ्ठ्याला जोडलेली तिकिटं बघितली, कारण असल्या किश्शाला पुरावा हवा. तिकिटांवर तारखांचे शिक्के दाटीवाटीने होते, जागा संपली म्हणून मागेही मारलेले. प्रत्येक कुटुंबाचं शेवटचं तिकीट मात्र कोरं होतं. एकही शिक्का नाही, कोपराही मुडपलेला नाही.

खोटं बोलून मिळवलेलं पुस्तक चारांपैकी एकानेही नेलं नव्हतं.

४

शनिवारी अकरा माणसं आली. चहामुळे असतील, पण आली. एका शिंपीणबाईला कळलं की तिच्या दुकानाच्या जागी पूर्वी घड्याळं दुरुस्त करणारा राहायचा, आणि ती एवढी खूश झाली की तिने शेजारच्या माणसाला दोनदा सांगितलं. मला वाटलं, हेच, याचसाठी आले मी.

मग मी आमच्या घराचा किस्सा सांगितला. पत्ता उच्चारताच मागच्या खुर्चीवरचे एक म्हातारे गृहस्थ ताठ बसले. ते निवृत्त पोस्टमन होते. तीस वर्षं आमच्याच रस्त्यावर टपाल वाटलेलं. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"त्या घराची टपालं परत जायची," ते म्हणाले. "एका बाईंना दर महिन्याला भावाचं पत्र यायचं. त्या स्वतः दारात येऊन घ्यायच्या, पाणी विचारायच्या. एका महिन्यात नवरा दारात आला. पाकीट बघून म्हणाला, या नावाचं इथे कुणी नाही. मी म्हटलं, साहेब, तुमच्या मिसेस. तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पिऊन आलोय. म्हणाला, माझं लग्न झालेलं नाही."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, जोरदार भांडण झालं असणार. शिंपीणबाई म्हणाली, आमचेही महिन्यातून एकदा तसंच म्हणतात. पुन्हा हशा.

पोस्टमन हसले नाहीत. हशा संपेपर्यंत थांबले.

"भांडलेला माणूस मला कळतो हो. तीस वर्षं दारं वाजवलीत. तो भांडलेला नव्हता, खरं सांगत होता. आणि त्याच्या मागे चपला पडलेल्या होत्या, बायकी, लहान मापाच्या. मी बोट दाखवलं. त्याने बघितल्या आणि मलाच विचारलं, या कुणाच्या?"

जाताना त्यांनी माझा हात धरला आणि तुम्ही किती जणं राहता म्हणून विचारलं. मी दोघी म्हणाले. त्यांनी मान हलवली. काहीतरी मोजल्यासारखी.

५

सगळे गेल्यावर मी मागच्या खोलीत बसले. दुपारचे तीन वाजले होते, ऊन टेबलापर्यंत आलं होतं. या वेळी मी फक्त पहिले अर्ज बघितले नाहीत, सगळे ओळीने मांडले.

पहिलं कुटुंब: पाच नावं, आकडा सहा. पुढच्या वर्षी चार नावं, आकडा सहा. मग तीन, मग दोन, मग एक. आकडा दर वर्षी सहा. कुठे खाडाखोड नाही, 'मयत' असा शेरा नाही, जो या गठ्ठ्यांत एरवी सर्रास असतो. नाव नुसतं पुढच्या वर्षी लिहिलेलं नसे. दुसऱ्या कुटुंबातही तेच, तिसऱ्यातही. अक्षर मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाचंच. अर्ज भरणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत राहत होतं, बाकीची एकेक करून गळत होती.

मी शिकलेली बाई आहे. मी कारणं शोधली. मुलं शिकायला गेली असतील, बायको माहेरी गेली असेल, आकडा जुन्या अर्जावरून उतरवला असेल. तिसरं कुटुंब मध्येच घर सोडून पलीकडच्या रस्त्यावर गेलं होतं. मी त्या पत्त्याचा गठ्ठा काढला. नव्या घरातला पहिला अर्ज, तेच अक्षर, एक नाव कमी, आकडा तोच. घर सोडून काही सुटलं नव्हतं. चौथ्या कुटुंबाने एक वर्ष अर्जच भरला नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी एकदम दोन नावं कमी. दुसऱ्या कुटुंबात एका वर्षी नवराबायकोने नियम मोडून दोन वेगळे अर्ज दिले होते. त्यांनाही काहीतरी कळलं असावं. त्यानंतर त्या कुटुंबाचा कागदच नव्हता. शेवटच्या अर्जाच्या तळाला एकच ओळ, वेगळ्या शाईत: 'घर रिकामे आढळले.'

मग मी गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा अर्ज उचलला. गेल्या वर्षीचा, आमचा. अक्षर माझं. राहायला आलो त्या आठवड्यात उत्साहाने भरलेला, शेवटी स्वाक्षरीखाली दोन रेघा. पहिल्या ओळीवर माझं नाव. दुसऱ्या ओळीवर आईचं. चौकटीत तीन.

तीन मी का लिहिलं, ते आठवेना. मी पुस्तकासाठी खोटं लिहिणार नाही, मला तर हवी तितकी पुस्तकं नेता येतात. पण भीती वाटली ती आकड्याची नाही. दुसऱ्या ओळीवरचं आईचं नाव मी वाचलं, आणि एखाद्या अनोळखी बाईचं नाव पहिल्यांदाच वाचावं तसं वाटलं. पुन्हा वाचलं. नाव छान होतं. कुणाचं होतं हे मला अर्जावरून कळत होतं.

नूतनीकरणाची मुदत सोमवारी संपत होती. मी एक कोरा अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हटलं, ऊन लागलं.

६

घरी पोचले तेव्हा अजून उजेड होता. दार लोटलेलं होतं. आई स्वयंपाकघरात कपांत चहा गाळत होती, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली नाही. ओट्यावर तीन कप होते. तिने एक उचलला, आतल्या खोलीच्या दाराशी गेली, दोनदा टकटक केली. क्षणभर थांबली, आतून कुणी 'या' म्हणेपर्यंत थांबावं तशी. मग आत गेली आणि दार पूर्ण लावलं नाही.

आतून आईचा आवाज येत होता. वॉर्डातला, हळू, रात्रपाळीचा. बरं आहे ना आता, म्हणत होती. उशी हवी का. घरचं कुणी येऊन गेलं का. उत्तरं ऐकू येत नव्हती, पण आई उत्तरं आल्यासारखी मध्ये मध्ये थांबत होती. एकदा हसलीही.

मी दाराच्या फटीशी गेले. स्वतःला सांगत होते, म्हातारपण आहे, डॉक्टरांना दाखवू, यावर हल्ली चांगली औषधं असतात. हे सगळं मनात नीट वाक्यांत म्हणत होते.

फट हाताच्या पंजाएवढी. खिडकीतलं तिरपं ऊन जमिनीवर पडलेलं. त्या उन्हात मला गुडघे दिसले. भिंतीला लागून, एकाला एक चिकटून, दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं बसतात तसे. लुगड्यातले, पँटमधले, एक जोडी लहान मुलाची, पाय जमिनीला न टेकणारी. बाकावर एवढी माणसं मावणं शक्य नव्हतं. कुणी हलत नव्हतं. फक्त आईने दिलेला एक कप हातोहात पुढे सरकत होता, आणि प्रत्येक हात तो पुढच्याला देताना, गरम आहे हं, अशा काळजीने देत होता.

मी मोजलं नाही. जन्मभर जे दिसेल ते मोजणारी मी, मोजलं नाही.

त्या रांगेच्या मधोमध एक जागा रिकामी होती. दोन्हीकडचे गुडघे थोडे तिरके झाले होते. घरात कुणी मोठं माणूस आलं की आपण सरकून जागा करतो, तशी जागा. आई त्या जागेसमोर उभी होती. पदर सावरून, परत आलेला कप एका हातात, दुसऱ्या हाताने बाकाची कड चाचपत, खाली बसण्याच्या बेतात.

मी जोरात हाक मारली. "आई."

ती दचकून वळली. दार उघडून बाहेर आली, हातात रिकामा कप. मागे खोलीत नुसतं ऊन आणि बाक.

"कधी आलीस गं पंडिते? अशी काय भूत बघितल्यासारखी?" मग कपाळाला हात लावून म्हणाली, "पाय दुखायला लागलेत हल्ली माझे. जरा टेकावं म्हणत होते."

मी कप तिच्या हातातून घेतला. तळ अजून गरम होता. मला तिला नावाने हाक मारून बघायची होती, एकदाच, खात्रीसाठी. आईला कधी कुणी नावाने हाक मारतं का? म्हणून मी ते टाळलं, असं मी स्वतःला सांगितलं.

मी तिला विचारलं, घरात आपण किती माणसं. ती हसली, हा काय प्रश्न म्हणाली, आणि कप विसळत सहज म्हणाली, "तीन."

तिसरं कोण, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलं असतं.

७

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर कोरा अर्ज उलगडला. रात्रभर ठरवलं होतं ते असं: मी भरायचा, आईचं नाव पहिल्या ओळीवर लिहायचं, ठसठशीत, दोनदा गिरवून. अर्ज भरणारी मीच असले तरी तिचं नाव वर असेल. बावन्न वर्षांत हे कुणी करून बघितलेलं नव्हतं. मी शिकले होते ना, जुन्या चुका नीट वाचल्या की नव्या टाळता येतात.

पेनचं टोपण काढलं, टोक कागदाला लावलं. शाईचा ठिपका पसरत गेला.

नाव येईना. काल वाचलेलं, छान वाटलेलं, तेही आठवेना. पहिलं अक्षर कोणतं एवढंसुद्धा नाही. समोर ती बसून चष्मा पुसत होती. उजव्या भुवईवरचा व्रण मला माहीत होता, सुई टोचण्याआधी ती म्हणायची ते वाक्य माहीत होतं, तिची औषधांची पेटी, तिचा खोकला, सगळं. त्यावर लावायची चिठ्ठी तेवढी कुणीतरी काढून नेली होती. पुढच्या वर्षी या दिवशी बाकीचंही नसेल. मी या टेबलाशी बसेन आणि कुणी विचारलं तर शांतपणे, खरं सांगत, म्हणेन की मी एकटीच राहते. मोरीत उपडा कप दिसेल, तेव्हा विचारेन, हा कुणाचा.

ती बाकावर, त्या जागेत. परक्या गुडघ्यांच्या मधे. आणि मी बाहेर, माझ्या योजनांच्या वह्या घेऊन.

सुटका दोघींची नव्हती. गठ्ठ्यात ते स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि कागद वाचणं एवढं एकच मला येत होतं. सुटत होता तो फक्त लिहिणारा.

मी ठिपका पडलेला अर्ज तिच्याकडे फिरवला आणि पेन तिच्या हातात दिलं.

"तू भर या वर्षी."

"मी? घरात एवढी शिकलेली मुलगी असताना?"

"तुझं अक्षर चांगलं आहे."

ती खूश झाली. चष्मा नाकावर बसवला, कागद सरळ केला, आणि वॉर्डातल्या तक्त्यावर लिहायची तशा गोल, स्वच्छ अक्षरात पहिल्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. मी वाचलं. लिहून होईपर्यंत ते मला आठवत होतं. मग ती थेट तळाच्या चौकटीवर गेली आणि न विचारता तीन लिहिलं.

पेन वर आलं, दुसऱ्या ओळीवर थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. ती ओशाळून हसली, जिभेवर आहे बघ, म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला.

मी तिला माझं नाव सांगू शकत होते. मला ते अजून आठवत होतं.

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि दुसरी ओळ झाकली.

"राहू दे आई. तेवढंच पुरे. सही कर."